स्ट्रोकनंतर घरी आलात? नस कुठं आणि कशामुळे अरुंद झाली ते असं शोधा

पॅरालिसिसचा अटॅक, म्हणजे स्ट्रोक, येऊन गेला, पेशंट घरी आला, हात थोडा उचलायला लागला की घरचे सुटलो म्हणतात आणि इथंच घात होतो, कारण चरबी साचून मेंदूला रक्त नेणारी जी नस अरुंद झालीये ती आहे तशीच आहे. पुढचा अटॅक टाळायचा तर नस नेमकी कुठं अरुंद आहे आणि कशामुळे, हे दोन्ही माहीत पाहिजे.

आधी फाईल काढा. मानेचा डॉपलर (नसांची सोनोग्राफी) केला असेल तर त्यात मानेतल्या नसा दिसतात, कवटीच्या आतल्या नाही, त्यांच्यासाठी सीटी अँजिओ किंवा एमआर अँजिओ (नसा दाखवणारा स्कॅन) लागतो. आपल्याकडे आणि एकूणच आशियात आतल्या नसा अरुंद होण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे "डॉपलर नॉर्मल आहे" एवढ्यावर थांबू नका, न्यूरोलॉजिस्टना सरळ विचारा, आतल्या नसांचं काय? मानेतली कॅरोटिड, म्हणजे मेंदूकडे जाणारी मोठी नस, ७० टक्के किंवा जास्त अरुंद असेल आणि अटॅक तिच्यामुळेच आला असेल तर ऑपरेशनचा विचार होतो, आणि त्याचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो, म्हणून हे विचारायला पुढच्या महिन्याच्या फॉलोअपची वाट बघू नका.

आतल्या नसेला मात्र स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकाच म्हणून हट्ट धरू नका. अमेरिकेतल्या सॅम्प्रिस ट्रायलचे रिझल्ट २०११ मध्ये आले, त्यात स्टेंटवाल्यांपैकी १४.७ टक्के लोकांना ३० दिवसांत परत स्ट्रोक आला किंवा ते दगावले, आणि नुसत्या गोळ्या आणि कडक कंट्रोलवाल्यांत तेच ५.८ टक्के होतं. म्हणजे बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांच्या मागे लागणं हीच बहुतेकांची खरी ट्रीटमेंट.

बीपीचं मशीन घरी घ्याच, दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नको. सकाळी गोळ्यांच्या आधी, चहा-तंबाखू होऊन अर्धा तास तरी गेलेला, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसवायचं, हात उशीवर छातीच्या लेव्हलला, अशक्त हात सोडून चांगल्या हातावर, आणि एक मिनिट सोडून दोनदा मोजायचं. संध्याकाळी परत. आकडे वहीत तारखेसकट लिहा, डॉक्टरांना वही दाखवा. टार्गेट बऱ्याचदा १३०/८०च्या आसपास असतं पण तुमच्या पेशंटचं किती ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, आणि उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर तेही सांगा, नस खूप अरुंद असेल तर बीपी एकदम पाडूनही चालत नाही. बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणारे खूप आहेत. अहो, तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय!

शुगर फक्त उपाशीपोटी बघू नका, तीन महिन्यांची एचबीएवनसी बघा, साधारण ७ च्या खाली लागते. आतल्या नसांशी डायबेटिसचं विशेष वैर आहे.

कोलेस्टेरॉलमध्ये लोक हमखास फसतात. लॅबच्या रिपोर्टवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९५ असेल तर समोर लाल खूण नसते, मग घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे, पण ती रेंज धडधाकट माणसाची असते, चरबीमुळे नस अरुंद होऊन स्ट्रोक झालेल्याला ७० च्या खाली लागतं. त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची रात्रीची गोळी मनाने सोडायची नाही.

तंबाखूचं नीट विचारा, आणि कौतुकाने विचारा, भांडून नको. बिडी-सिगारेट ओढता का असं विचारलं की आजी नाही म्हणते आणि ते खरंच असतं, पण सकाळी आणि दुपारी मिश्री लावते ती तिच्या हिशोबात तंबाखू नाहीच, दात घासणं आहे. गुटखा, चुना-तंबाखू, घरात दुसरं कुणी ओढत असेल तर तो धूर, सगळं वहीत आलं पाहिजे.

मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, पोटाचा घेर, मीठ (लोणचं-पापड धरून दिवसाला एक छोटा चमचा पुरे), बसून राहणं, हेही विचारात घ्या. वय आणि घराण्यातला इतिहास बदलता येत नाही, ते सोडा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरुवातीला कधीकधी दोन असतात आणि काही आठवड्यांनी एक बंद होते, कुठली आणि कोणत्या तारखेला ते पाकिटावरच पेनने लिहा, नाहीतर दोन्ही बंद होतात. दात काढायचा असला तरी न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.

आणि तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात गळाला, एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं, मग दहा मिनिटांत सगळं ठीक झालं, तरी झोपवून ठेवू नका. १०८ लावा, सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला न्या, आणि पेशंट शेवटचा चांगला कधी दिसला ती वेळ सांगा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.