थंड सिलिंडराचा शोध : माझा अनुभव

पुण्याहून बारामतीला जाऊन ज्या १९७५ सालच्या सेस्ना १७२ विमानाची मी देखभाल करवून घेतो, त्याच्या लायकॉमिंग ओ-३२० इंजिनाने यंदा पावसाळ्यानंतर मॅग्नेटोच्या चाचणीत त्रास दिला. (मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावरच वीज तयार करून प्लगना ठिणगी पुरवणारे यंत्र. या इंजिनाला डावा व उजवा असे दोन असतात आणि चारही सिलिंडरांना प्रत्येकी दोन प्लग, दोन्ही मॅग्नेटोंकडून एकेक.) मिनिटाला १७०० फेऱ्यांवर केवळ डावा मॅग्नेटो चालू ठेवताच फेऱ्या २०० ने घसरल्या आणि इंजिन थरथरू लागले. १२५ पेक्षा अधिक घसरण चालत नाही. शिसेयुक्त विमान-पेट्रोलामुळे प्लगवर साचलेला थर कधी कधी इंधन-हवेचे मिश्रण विरळ करून चालवल्यास जळून जातो, म्हणून तोही प्रयत्न केला, परंतु फरक पडला नाही.

मॅग्नेटोच बदला, असा सल्ला मिळाला. तो मला घाईचा वाटला. डावा मॅग्नेटो उजव्या सिलिंडरांचे वरचे आणि डाव्या सिलिंडरांचे खालचे प्लग पेटवतो. म्हणून आमच्या परवानाधारक अभियंत्यांनी थंड इंजिन केवळ त्याच मॅग्नेटोवर थोडा वेळ चालवून बंद केले आणि एक्झॉस्टच्या नळ्यांचे तापमान तपासले, तेव्हा डावीकडचा पुढचा, म्हणजे दुसरा सिलिंडर थंड निघाला, अर्थात त्यात इंधन पेटत नव्हते. (अशा वेळी पंख्याला हात लावू नये, मॅग्नेटो बंद करणारी ग्राउंडची तार तुटलेली असेल तर चावी बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो.) खालचा प्लग वरून स्वच्छ दिसत होता, पण त्याचा अंतर्गत विद्युत रोध ५,००० ओहमच्या मर्यादेच्या पुष्कळ पुढे गेला होता. आठही प्लग मोजून तीन बदलले, तांब्याचे नवे वॉशर घातले. घसरण ७० वर आली आणि अभियंत्यांनी लॉगबुकात सही केली.