मोहफुलं वेचायचे दिवस आलेत, पण आभाळाचा नेम नाही

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडच्या मंडळींसाठी लिहितोय. एका झाडाचा बहर जेमतेम दोन-तीन आठवडे, त्यात मार्च-एप्रिलमधे दोन दिवस अवकाळी लागला की कळ्या वाऱ्यानं झडतात अन् खाली पडलेली फुलं एका रात्रीत आंबून काळी पडतात, मग व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो.

म्हणून सगळ्यात आधी झाडाखाली जाळू नका. पाला जाळला की फुलं झटकन दिसतात हे खरंय, पण उन्हाळा आता लवकर तापतो, जमीन वाळून खडंग झालेली असते, तुमची छोटीशी आग वारा कुठवर नेईल सांगता येत नाही अन् मोहाची बारकी रोपंही त्यातच जातात (मग पोरांनी पुढं काय वेचायचं?). खराट्यानं झाडून घ्या, नाहीतर चार बांबू रोवून हिरवी जाळी किंवा जुन्या साड्या जोडून कमरेएवढ्या उंचीवर बांधा. माती लागत नाही, ढोरं तोंड घालत नाहीत, पहाटेची धावपळ पण वाचते. अंधारात एकटं जाऊच नका, मोह अस्वलालाही आवडतो.

वाळवण अंगणात मातीवर नको. ताडपत्री किंवा चटईवर पातळ पसरा, दिवसातून दोनदा हलवा, कडक ऊन असलं तर तीन-चार दिवस पुरतात. मुठीत दाबून सोडलं अन् फुलं एकमेकांना न चिकटता सुटली की झालं. त्याआधी पोत्यात भरलं तर बुरशी ठरलेली. ढग दिसले की सगळं आत, ओला माल अन् सुका माल वेगळाच ठेवा, लोक नेमकं इथंच मिसळतात. पोती भिंतीला न टेकवता लाकडी फळीवर रचा.

विडीच्या पानांसाठी तेंदूची खुटकटाई (झुडपं बुडाशी छाटणं) झाली असेल तर नवी पानं दीडेक महिन्यात तोडणीला येतात, गारपिटीनं भोकं पडलेली पानं पुड्यात घालू नका, 70 पानांच्या पुड्यात खराब पानं निघाली तर फळीवर (पानं जमा करायच्या केंद्रावर) पुडा बाजूला काढू शकतात.

मोबाईलवर दामिनी ॲप टाकून ठेवा, जवळपास वीज पडायचा इशारा देतं. गडगडलं की टोपली तिथंच सोडा अन् झाडाखालून निघा. सामूहिक वनहक्क (जंगलातला माल गोळा करून विकायचा गावाचा हक्क) मिळालेल्या गावांनी माल ग्रामसभेतून एकत्र विकायचं आत्ताच ठरवा, पाऊस पडल्यावर घाईत कुणी भाव देत नाही.