नाकातून देतात ती फ्लूची लस: या चुका टाळा

सप्टेंबर उजाडला की इंग्लंडमधल्या शाळांकडून फ्लूच्या लशीची संमतिपत्रं पालकांच्या मोबाइलवर येतात, आणि आपल्या मराठी आईबाबांच्या त्याच त्या चुका सुरू होतात. शाळांमधून ही लस देणारी नर्स आहे मी, त्यामुळे स्पष्टच लिहिते.

न वाचता ‘होय’ दाबणं ही सगळ्यांत वाईट खोड. मागे एका शाकाहारी घरातल्या आईचा संध्याकाळी फोन आला. मुलीला दुपारी लस देऊन झाली होती, आणि त्यात डुकराचं जिलेटिन असतं हे हिला दुसऱ्या कुणाच्या आईकडून आत्ता कळलं होतं. विषाणू टिकावा म्हणून ते घालतात. फॉर्मवर तसं लिहिलं होतं, जिलेटिन नसलेलं इंजेक्शन मागायची सोयही तिथेच होती. बाई रडत होत्या. दिलेली लस मी कुठून परत काढणार?

त्याच फॉर्मवर दम्याचा प्रश्न असतो. ‘पंप अधूनमधून लागतो, त्यात काय लिहायचं?’ लिहा! गेल्या ७२ तासांत छातीत घरघर झाली असेल किंवा पंप जास्त लागला असेल, तर आम्ही त्या दिवशी नाकातून देत नाही. यातला विषाणू दुबळा केलेला असला तरी जिवंत असतो. म्हणून घरात कुणाचं बोनमॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपण होऊन प्रतिकारशक्ती अगदी क्षीण झाली असेल तर तेही कळवा.

‘जोरात ओढ हं’ असं पोरांना पढवून पाठवू नका. प्रत्येक नाकपुडीत जेमतेम ०.१ मिली फवारा जातो, नेहमीसारखा श्वास पुरतो. हा विषाणू नाकातल्या गारव्यात वाढतो, फुप्फुसांच्या उबेत नीट वाढत नाही. मग खोल ओढून मिळवायचं काय? शिंक आली, थोडं ओघळलं, तरी पुन्हा डोस लागत नाही. ‘अर्धी बाहेर आली’ म्हणत भांडणारे बाबा दरवर्षी भेटतात.

नंतर नाक वाहिलं म्हणजे फ्लू झाला असं नाही.

गेल्या वर्षीची लस यंदा चालत नाही.

दिवाळीला भारतात जाताय आणि शाळेतला दिवस हुकणार? तिकीट काढतानाच कॅच-अप क्लिनिकची (दिवस हुकलेल्या मुलांना नंतर लस देतात त्याची) तारीख विचारा, विमानतळावरून फोन नको.

आणि इकडे राहायला आलेल्या आजीसाठी ‘तीच नाकातली’ मागू नका. इथे ती २ ते १७ वर्षांच्या मुलांसाठीच आहे. आजीला इंजेक्शनच.