भुयारात फ्लॅश पेटंना, तेव्हा (माझा अनुभव)

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या गढीखालच्या भुयाराचे फोटो काढायचे होते. दुसरा फ्लॅश घेऊन भाचा वळणापलीकडे बसला. बाहेर पार वेशीपर्यंत चाललेला रेडिओ ट्रिगर (कॅमेऱ्यावरून रेडिओ लहरींनी लांबचा फ्लॅश पेटवणारं यंत्र) आत मुका. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या मातीत जिरतात.

मग दुसऱ्या फ्लॅशला ऑप्टिकल स्लेव्ह (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची चमक दिसली की आपला फ्लॅश पेटवणारा डोळा) लावला, भाच्याला वळणाच्या तोंडाशी आणलं. “मामा, पेटला की!” फोटोत मात्र अंधारच! अर्धा तास डोकं खाजवल्यावर उमगलं: कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे उजेड आपोआप ठरवण्यावर होता. शटर उघडण्याआधी तो अंदाज घ्यायला एक चमक मारतो, अन् स्लेव्ह त्या चमकेलाच फ्लॅश उडवून मोकळा होतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर, पॉवर पूर्णच्या १/६४, स्लेव्ह एस१ वर (पहिल्याच चमकेला पेटायचं), शटर १/६० सेकंद. जमलं.

पण कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या उजेडानं धूळ चांदण्यांसारखी चमकायला लागली. त्यावर जुना जुगाड: धुतलेल्या रंगीत निगेटिव्हचं काळं टोक दोन पदरी करून त्याच फ्लॅशच्या तोंडावर चिकटवलं. दिसणारा उजेड बहुतेक अडतो, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड पार होतो, स्लेव्हला तेवढं पुरतं. पॉवर तेवढी १/८ करावी लागली, अन् स्लेव्हचा डोळा कॅमेऱ्याकडे फिरवावा लागला.

पुढच्या फोटोत भिंतीवरचे टिकावाचे घाव एकेक मोजता आले.