खवचट डायलॉग लिहिताय? आधी स्तुती करा

कोकणातलं पात्र टोमणा मारतंय असं लिहायचं असेल तर 'सोलकढी पातळ झालीय' असं सरळ नको, त्याला म्हणू दे, "भांडी काय लख्ख घासता हो वहिनी, सोलकढी वाढली तरी वाटीचा तळ दिसतोय!" स्तुती वाटीची, बोच नारळाच्या काटकसरीला, वहिनींना भांडताही येत नाही. बोलणारा हसला की मजा गेली, सुपारी कातरत बोलला तर बेस्ट. आणि वहिनींनाही गप्प ठेवू नका: "तिसरी वाटी ना भावजी, तळ पाठच झाला असेल." कान तयार करायला सिंधुदुर्गात जत्रेला रात्री दशावतार बघा, तिथे संवाद लिहून पाठ केलेले नसतात, नट उभ्या उभ्या जुळवतात, टोल्याला टोला कसा येतो ते समोरच दिसतं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेंगाल ते वेगळं.