कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड: काढताना आणि टाळताना या चुका नकोत

कुत्र्याच्या कानामागे हात फिरवताना वाटाण्याएवढी गाठ लागली की कोणालाही तो गोचीड लगेच उपटून फेकावासा वाटतो. निम्म्या चुका या घाईत होतात. बाकीच्या होतात त्या ‘निघाला एकदाचा’ म्हणून विषय तिथेच सोडल्यामुळे.

उपटण्याआधी तो गोचीडच आहे ना, हे केस बाजूला करून उजेडात बघा. चामखीळ किंवा स्तनाग्र गोचीड समजून ओढण्याचे प्रकार वाटतात त्याहून जास्त होतात. नर कुत्र्यालाही पोटावर दोन रांगांत स्तनाग्रं असतात, हे अनेकांना ठाऊकच नसतं. गोचीड असेल तर त्वचेला लागून बारीक पाय दिसतात.

तेल, रॉकेल, पेटती काडी

गुदमरला की गोचीड आपोआप सुटतो, अशी समजूत आहे. पण तो इतका सावकाश श्वास घेतो की गुदमरायला कित्येक तास लागतात, आणि तेवढा वेळ तो चिकटूनच असतो. शिवाय डिवचलेला गोचीड लाळ आणि पोटातला ऐवज जखमेत सोडण्याची भीती असते, आणि रोगजंतू असतात ते त्यातच. व्हॅसलीन आणि नेलपॉलिशचंही तेच. पेटत्या काडीने कुत्रा भाजतो, म्हणून तिचा विचारही नको.

पोटाला धरून ओढणं

फुगलेलं पोट हाताला सोपं लागतं, म्हणून चिमटा तिथेच धरला जातो. धरायचं असतं ते डोक्याजवळ, त्वचेला अगदी लागून. बारीक टोकाचा चिमटा घ्या, हातमोजे घाला आणि झटका न देता एकसारखा ताण देत सरळ वर ओढा. गोचिडाच्या सोंडेला उलटे काटे असतात, त्यामुळे काही क्षण तो सुटत नाही. तिथे धीर सुटला की तुटतो. चिमट्याने पिळू नका. गोचीड काढायचा खास हूक मिळतो, तो मात्र फिरवूनच वापरायचा असतो. दोन्ही पद्धतींची सरमिसळ केली की हमखास घोळ होतो.

तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर सुईने कोरत बसू नका. त्वचा तो हळूहळू बाहेर टाकते. कोरल्याने मात्र जखम चिघळते. जंतुनाशकाने पुसा. काही दिवस तिथे छोटी गाठ राहते, ती चालते. लाली पसरली, पू झाला किंवा कुत्रा सतत चाटत राहिला, तर डॉक्टरांना दाखवा.

काढलेला गोचीड नखाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. नंतर हात धुवा.

दिसतो तेवढाच शोधणं

एक सापडला की बोटांच्या बेचक्या, कानांच्या आत, पापण्या, बगला, जांघा, शेपटीखाली आणि पट्ट्याखाली बघायलाच हवं. पट्टा काढून बघा.

औषधाच्या चुका

या सगळ्यांत महाग पडतात. मानेवर टाकायचं औषध केसांवर ओतलं तर वाया जातं; केसांचा भांग पाडून ते थेट त्वचेवर पडायला हवं. टाकण्याच्या आगेमागे दोन दिवस आंघोळ टाळा. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे मोठ्या कुत्र्याची ट्यूब अर्धी करून पिल्लाला लावू नका. गुराढोरांचं औषध ‘थोडंसं’ म्हणून वापरणं तर सरळ विषबाधेला आमंत्रण. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेल्या औषधापासून तिला दूर ठेवा, मांजराला ते जिवघेणं ठरू शकतं.

गोळी दिल्यावर अंगावर गोचीड दिसला की लोक म्हणतात, औषध लागू पडलं नाही. या गोळ्यांचं औषध रक्तात असतं, म्हणून गोचीड चावल्याशिवाय मरत नाही. आधी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. घाबरून वर आणखी एक औषध लावू नका. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर ते गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

घर विसरणं

माझ्या मते खरी चूक हीच. कुत्र्यावर सर्रास आढळणारा तपकिरी गोचीड घरातही आपलं बस्तान बसवतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, फर्निचरमागे हजारो अंडी घालते. त्यातून सहा पायांची पिल्लं निघतात, पुढे आठ पायांची होतात. प्रत्येक टप्प्यावर एकदा रक्त प्यायचं, अंगावरून उतरायचं आणि कात टाकायची, असं त्यांचं चालतं. प्रौढ गोचीड कित्येक महिने उपाशी तग धरतो. म्हणजे अंगावर दिसतात त्याहून किती तरी जास्त भेगांमध्ये दडलेले असतात. अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक वाळवा, भेगा बुजवा, कोपरे व्हॅक्यूमने साफ करा आणि पिशवी लगेच बाहेर टाका. एका फवारणीत काम होत नाही, कारण अंडी मागून फुटत राहतात.

बाहेर फिरताना

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरूनही टपकत नाही. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून तो वाट बघतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब त्याला कळते. म्हणून उंच गवत आणि पालापाचोळ्याच्या कडा टाळून वाटेच्या मधून चाला. परतल्यावर दारातच कुत्र्याला तपासा, आणि स्वतःचे पाय नि मोजेही.

नंतर लक्ष न ठेवणं

काही जंतू गोचीड चिकटल्यावर काही तासांतच रक्तात जातात, तर लाइम या गोचिडातूनच होणाऱ्या रोगाला सहसा एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. लवकर काढण्याचा फायदा म्हणूनच मोठा, पण त्याने पूर्ण अभय मिळत नाही. पुढचे तीन-चार आठवडे ताप, मरगळ, भूक मंदावणं, लंगडणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, गडद लघवी यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. डॉक्टरांकडे जाताना गोचीड काढल्याची तारीख सांगा आणि गोचीड ठेवलेली बाटलीही सोबत न्या.