आधी पाय, मग कपडे: आपल्या उन्हात अन् काळ्या मातीत भारी शूज रोज कसे वापरायचे

भारी शूज रोज घालायचे असतात. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आपल्याकडे, जळगाव घ्या धुळं घ्या नंदुरबार घ्या, पद्धत अशी की चांगली जोडी घेतली की ती लग्नासाठी, लग्न उरकलं की परत डब्यात, डबा कपाटाच्या वरच्या खणात, आणि ऑफिसला कॉलेजला मात्र तीच झिजलेली चप्पल. अहो वर्षात लग्नं किती आणि साधे दिवस किती! आणि डब्यात ठेवले म्हणजे शूज टिकतात हा पण गैरसमज आहे बरं. बऱ्याच शूजचे सोल पॉलीयुरेथेनचे असतात, हवेतल्या दमटपणाने ते आतून हळूहळू कुजत जातात, वापरा नाहीतर नका वापरू. दोन-चार वर्षांनी हौसेने डबा उघडावा तर सोलचा भुगा हातात.

शूज आणि नेलपेंट मी वेगळे धरतच नाही. ते लाल सोलवाले शूज आहेत ना, फ्रेंच डिझायनर ख्रिश्चन लुबुटाँचे, त्यांची सुरुवातच नेलपेंटपासून झालीये. १९९३ ची गोष्ट, नमुन्याची जोडी बनून आली पण कागदावरच्या चित्रात जी मजा होती ती काही तिच्यात उतरेना, तिथेच त्याची असिस्टंट नखं रंगवत बसलेली, त्याने तिची लाल बाटली घेतली आणि काळा सोल रंगवून टाकला. पुढे २०१४ मध्ये त्याने स्वतःचं नेलपेंट काढलं, आणि २०१८ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने त्या लाल सोलच्या ट्रेडमार्कच्या बाजूने निकाल दिला. मला ही गोष्ट फार आवडते, कितीही वेळा सांगा.

आता कामाचं. सकाळी कपाट उघडून आधी ड्रेस काढायचा आणि मग त्याच्यावर चप्पल शोधायची, असं आपण सगळ्याच करतो आणि मग शेवटी तीच काळी चप्पल पायात जाते कारण ती सगळ्यावर चालते. हे उलटं करा. आदल्या रात्री शूज ठरवायचे, मग पायाच्या नखांचा रंग बघायचा, मग पँट किंवा सलवारची लांबी, आणि सगळ्यात शेवटी वरचा कुर्ता. साधा पांढरा नाहीतर फिक्का कॉटनचा कुर्ता, घोट्याच्या वर संपणारी सरळ पँट आणि खाली एक देखणा शूज, बास, यापेक्षा जास्त काही लागत नाही. पँट घोट्याखाली लोळत असेल तर कितीही महागाचा शूज घाला, दिसणारच नाही. म्हणून टेलरकडे माप द्यायला जाताना ज्या शूजवर घालायचीये तेच पायात घालून जा. साडीचं पण तेच, हिल घालूनच नेसायला घ्यायची, नंतर हिल चढवली की साडी वर उचलली जाते आणि मागे फॉलची पट्टी दिसते.

पहिली भारी जोडी घेणारीने पेन्सिल हिलकडे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे रस्ते कसे आणि माती कशी ते माहितीये. एखाद्या लॉनवर लग्नाला गेलं की पेन्सिल हिल गवतात रुतते आणि मग चवड्यावर उभं राहून फोटो काढावे लागतात. त्याऐवजी वेज घ्या, टाच सलग असते त्यामुळे वजन पसरतं आणि पाय रुतत नाही. वेज ही इटलीच्या साल्वातोरे फेरागामोने १९३० च्या दशकात आणली, कमानीखालच्या आधाराच्या पट्टीला चांगलं स्टील मिळेनासं झालं म्हणून त्याने बुचाच्या लाकडाचे थर चिकटवून टाच भरून काढली. त्याच कंपनीची वारा नावाची बो लावलेली बुटकी हिल १९७८ पासून आहे, ऑफिसात दिवसभर उभं राहणारीला तसला आकार एकदम बरोबर, मग ती त्या कंपनीची असो की नसो. आणि आपल्या मातीला सगळ्यात शहाणं डिझाइन म्हणाल तर फ्रान्सच्या शनेल कंपनीची १९५७ ची दोन रंगांची जोडी. अंग फिक्कं बेज, त्याने पाय लांब दिसतो, आणि पुढचं टोक काळं, त्याने पाऊल छोटं दिसतं आणि धूळ, ओरखडे काही म्हणजे काही दिसत नाही. तसा काळ्या टोकाचा बेज शूज कुठल्याही ब्रँडचा मिळाला तरी घेऊन टाका.

कोल्हापुरीला विसरू नका हां. २०१९ मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीचं नावही न घेता तशीच चप्पल रॅम्पवर आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना माहितीच आहे. माझ्या लेखी ती डिझायनरच आहे, फक्त पावसात घालायची नाही, कातडं पाणी पितं आणि मग फुगतं.

दुकानात गेल्यावर काय बघायचं? जायचं संध्याकाळी, दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो तेच खरं माप. नंबरावर विसंबू नका, युरोपियन नंबरात एका नंबराचा फरक साधारण ६.७ मिलिमीटरचा आणि यूके नंबरात साधारण ८.५ चा, त्यामुळे दोन्ही कधीच नीट जुळत नाहीत, ३८ म्हणजे ५ हे अंदाजानेच. ऑनलाइन मागवताना कागदावर उभं राहून दोन्ही पायांची टाच ते सगळ्यात लांब बोट अशी लांबी सेंटिमीटरमध्ये काढा आणि मोठ्या पायाचं माप धरा. मग शूज सपाट काउंटरवर ठेवून बोटाने हलकं ढकलायचं, डुगडुगला तर परत. मधून वाकवून बघायचं, चवड्याखाली वाकला पाहिजे, कमानीखाली वाकायला नको, कारण तिथे आत पट्टी असते आणि सगळा भार तीच पेलते. फर्स्ट कॉपीत, म्हणजे ब्रँडच्या हुबेहूब नकलेत, नेमकी हीच पट्टी ढिली असते, वरून लाल सोल तंतोतंत आणि तासाभरात कंबर धरते, म्हणून मी कॉपी घ्यायला सांगणार नाही, त्याच पैशात बिननावाचा पण नीट बांधलेला शूज घ्या. किंमत बघताना जीएसटी पण ध्यानात ठेवा, सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीला ५ टक्के आणि वरच्याला १८.

घरी आणल्या आणल्या घालायचं नाही, आधी मोचीकाकांकडे. चामड्याचा सोल असेल तर खाली पातळ रबरी हाफ सोल लावून घ्यायचा आणि हिलची टिप बघायची. टिप म्हणजे टाचेच्या टोकाचा तो इवलासा रबराचा तुकडा, तो झिजला की आतला खिळा वर येतो, फरशीवर टक टक असा धातूचा आवाज यायला लागतो, आणि तसंच घालून हिंडलात की हिलचं चामडं खालून सोलत वर जातं. तो आवाज ऐकला त्याच दिवशी टिप बदलून घ्या, अगदी थोडक्यात काम होतं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, भुसावळवाल्यांना तर सांगायलाच नको. त्या दिवसात बंद गाडीत किंवा स्कुटीच्या डिकीत शूज ठेवायचे नाहीत, सोलचा गोंद मऊ पडतो आणि पुढून तोंड उघडतं. स्कुटीवर जाताना सनकोट, स्कार्फ सगळं घालतो ना आपण, तसंच पायात साधी चप्पल घालायची आणि शूज कापडी पिशवीत घालून पुढे हुकला अडकवायचे, ऑफिसच्या जिन्यात बदलायचे. एकच जोडी सलग दोन दिवस नको, आतला घाम वाळायला एक दिवस लागतो.

पावसाळ्यातली काळी माती हा वेगळाच विषय. ओली असली की सोलला चिकटते, त्याच्यावर अजून चिकटते, आणि चार पावलांत पायाखाली गोळा तयार. लगेच ओल्या फडक्याने पुसायला गेलात की ती शिवणीत अन् बक्कलमध्ये जाऊन बसते. पुसायचं नाही! सावलीत पूर्ण वाळू द्यायची, वाळली की ती आपोआप भेगाळते, मग सोलवर सोल आपटून ढेकळं पाडायची, शिवणीत जुना टूथब्रश फिरवायचा, आणि मग कुठे ओलसर फडकं. शेवटी चामड्याला क्रीम, एकदम थोडं. आत कागद भरायचा तर कोरा, फिक्क्या रंगाच्या पेटंट लेदरला, म्हणजे चकचकीत चामड्याला, वर्तमानपत्राची शाई लागली तर ती निघत नाही. आणि रावेर-यावलकडच्या मैत्रिणींनो, केळीच्या बागेत जाणं होत असेल तर स्वेड, म्हणजे मखमलीसारखं चामडं, घेऊच नका, केळीच्या चिकाचा तो तपकिरी डाग जन्मभर राहतो.

आता नखं, इथे मी जरा रेंगाळणार. हाताला फिक्का रंग आणि पायाला गडद, हे माझं गणित. हाताची नखं महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतात, पायाची त्याच्या निम्म्याने, शिवाय हात दिवसभर पाण्यात, त्यामुळे हाताचा रंग लवकर टवका सोडतो आणि फिक्क्यात तो टवका दिसत नाही. पायाला मरून, वाइन, गडद लाल लावा, बेज सँडलमधून गव्हाळ पायावर काय उठून दिसतं ते स्वतःच बघा.

लावायचं रात्री किंवा भल्या सकाळी. उन्हाळ्यात दुपारी बसलात तर रंग ब्रशवरच वाळायला लागतो. पंखा बंद, कूलरचा झोत पण नको, वरचा थर पटकन सुकतो आणि आतलं सॉल्व्हंट अडकून बुडबुडे येतात. बाटली हलवायची नाही, दोन्ही तळहातात धरून फिरवायची. नखावर आधी रिमूव्हरचा कापूस एकदा फिरवायचा, रंग नसला तरी, कारण खोबरेल तेलाचा अंश राहिला असेल तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग बेस कोट, हा टाळायचा नाही, गडद लाल थेट लावला की नखं पिवळी पडतात. मग ब्रशची एक बाजू बाटलीच्या काठाला पुसून, नखाच्या मधोमध पहिला हात, मुळाशी केसाएवढी जागा सोडून, मग डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि शेवटी ब्रश आडवा धरून नखाच्या टोकाच्या धारेवरून ओढायचा. हा शेवटचा हात बहुतेक जणी देत नाहीत आणि टवका तिथूनच सुरू होतो. पातळ दोन थर, मध्ये दोन-तीन मिनिटं, मग टॉप कोट. हाताला कोरडा लागला तरी आतून घट्ट व्हायला काही तास जातात, लगेच कळण्याच्या भाकरीचं पीठ मळायला घेऊ नका. शेवभाजीच्या तर्रीने फिक्का रंग पिवळा पडतो, भरताची भाजलेली वांगी सोलताना काळं नखांच्या कडेला बसतं, म्हणून दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा अजून एक हात देत जा.

बाटली घट्ट झाली तर रिमूव्हर ओतू नका, थिनरचे दोन थेंब टाका. जेल लावणाऱ्यांनी पार्लरमध्ये बाटली बघायला मागा आणि तिच्यात टीपीओ आहे का ते वाचा, हे रसायन युरोपात सप्टेंबर २०२५ पासून कॉस्मेटिक्समध्ये बंद झालंय. आणि जेल ओरबाडून काढायचं नाही, नखाचा थर त्याच्यासोबत येतो.

घरातलं बोलणं राहिलं. "इतला पैसा पायमा?" हे प्रत्येकीला ऐकावं लागतं. मी मावशीला सरळ सांगते, मावशी, सोनं मी लॉकरमध्ये ठेवते आणि शूज रोज घालते, किंमत कशाची वसूल होते ते तुम्हीच बघा. एकदा त्यांना वेज घालून दोन पावलं चालायला लावा, बोलणं बदलतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाताना मेंदी असणारच, तेव्हा नखांना आधी बिनरंगाचा कोट लावून घ्या, मेंदी धुतल्यावर तो रिमूव्हरने काढला की नखं लाल होत नाहीत आणि वर हवा तो रंग लावता येतो. श्रावणातल्या कानबाईच्या सणाला तर सगळं अनवाणीच, पायाची नखं सगळ्यांच्या नजरेत, त्यामुळे त्या आठवड्यात पायाचा रंग शनिवारी रात्रीच ताजा करा, आणि शूज दाराबाहेरच्या ढिगात सोडू नका, सोबत कापडी पिशवी ठेवा.